एकच रजिस्टर, अनेक हात

(पूर्वी कार्यालयातील एक कागद एका वेळी एकाच्याच हातात असे. आता संगणकावरील एकाच कागदावर अनेक जण, आपापल्या जागी बसून, एकाच वेळी काम करू शकतात. हे नवे काम एखाद्या वयस्क कर्मचाऱ्याला कसे शिकवावे आणि शिकवता शिकवता आपणही काय शिकावे, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवावरून सांगितले आहे.)

मुलांनो, रोज सकाळी पाठीवर जे घेऊन तुम्ही शाळेत येता, त्याला मराठीत काय म्हणतात? दप्तर. हा शब्द तुम्हांला परका नाही. उर्दूत दफ्तर म्हणजे कार्यालय. फारसीतून हा शब्द मराठीत आला आणि येथेच राहिला. जुन्या सरकारी कागदपत्रांच्या संग्रहालाही मराठीत दप्तर म्हणतात. पुण्यातील पेशवे दप्तर प्रसिद्ध आहे. कार्यालयात वापरले जाणारे किती तरी मराठी शब्द असेच तुमच्या ओळखीचे आहेत. अर्ज, तारीख, हजेरी, मसुदा, दुरुस्ती, नक्कल, अस्सल. यांतील शेवटचे दोन शब्द नीट ध्यानात ठेवा. आजच्या पाठात ते पुन्हा पुन्हा येणार आहेत.

गोष्ट आहे २०२० सालची. त्या वर्षी २५ मार्चपासून कोरोनामुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली. आमचे गाव यंत्रमागांचे. रात्रंदिवस चालणारा खटखट आवाज एकाएकी थांबला. माग थांबले तशी मजुरी थांबली. शाळाही बंद झाल्या. शाळेतील मुलांना दुपारी शिजवलेला आहार मिळत असे, तोही बंद झाला. तेव्हा शासनाने असे ठरवले, की शाळेत शिल्लक असलेले तांदूळ आणि डाळ मुलांच्या पालकांना कोरड्या स्वरूपात वाटावी. आमच्या शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलांच्या याद्या करायच्या होत्या. हे काम आम्हां शिक्षकांकडे आणि शाळेच्या वरिष्ठ लिपिकांकडे आले. या लिपिकांना आम्ही सगळे चाचा म्हणत असू.

यादी चाचांनी केली. ती त्यांनी मोबाइलवरून प्रत्येक वर्गशिक्षकाला पाठवली. प्रत्येकाने आपल्या वर्गाची दुरुस्ती केली आणि यादी परत पाठवली. आता चाचांच्या मोबाइलवर किती याद्या झाल्या असतील? एकीचे नाव ‘अंतिम यादी’. दुसरीचे ‘अंतिम यादी दोन’. तिसरीचे ‘अंतिम यादी नवीन’. चौथीचे ‘हीच खरी अंतिम यादी’. तुम्ही हसलात ना? आम्हांलाही नंतर हसू आले. पण वाटपाच्या दिवशी मात्र हसू आले नाही.

सहावीत एक मुलगी वर्षाच्या मध्येच दाखल झाली होती. तिच्या वर्गशिक्षिका आपांनी तिचे नाव आपल्या यादीत लिहिले होते. चाचांनी छापून घेतली ती यादी दुसरीच होती. मुलीची आई भर उन्हात रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा यादीत नाव सापडेना. यादीबाहेर धान्य देण्याची परवानगी नव्हती. त्या माउलीने तक्रार केली नाही. रिकामी पिशवी घडी करून ती परत गेली. दुसऱ्या दिवशी चूक सापडली आणि धान्य तिच्या घरी पोचवण्यात आले; पण मधली एक रात्र गेलीच.

चाचा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, “सर, पंचवीस वर्षांत माझ्या रजिस्टरातून एका मुलाचेही नाव सुटले नव्हते. हे कसे झाले?”

हे कसे झाले, ते तुम्ही ओळखले असेल. आपांची दुरुस्ती खरी होती, पण ती एका नकलेत झाली. चाचांनी छापली ती दुसरी नक्कल. सगळ्यांकडे नकला होत्या. अस्सल यादी कोणाकडेच नव्हती.

या अडचणीवर उपाय होता. तो मला माहीतही होता. गूगल शीट्स नावाचा एक कार्यक्रम आहे. त्यात तक्ता तयार करता येतो. हा तक्ता आपल्या संगणकावर एकटा पडून राहत नाही. तो इंटरनेटवर एकाच ठिकाणी असतो. आपण ज्यांना परवानगी देऊ ते सर्व जण तो उघडू शकतात. एकाने केलेला बदल दुसऱ्याला काही क्षणांत दिसतो. अशा तक्त्याला सामायिक तक्ता म्हणू या. सामायिक म्हणजे सर्वांचा मिळून एक.

काही दिवसांनी शाळेचे कार्यालय थोडा वेळ उघडू लागले. मी चाचांना संगणकासमोर बसवले. तोंडाला मुखपट्टी बांधून मी त्यांना पाऊण तास शिकवत होतो. हे बटण दाबा, ही लिंक पाठवा, येथे शेअर करा, येथे शेरा लिहा. चाचा मान हलवत होते. वहीत लिहूनही घेत होते. मला वाटले, काम झाले.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला मोबाइलवर एक यादी पाठवली. त्यांनी सामायिक तक्ता उघडला होता, त्याची नक्कल उतरवून घेतली होती, तिच्यात दुरुस्ती केली होती आणि ती नक्कल मला पाठवली होती! यादीचे नाव होते, ‘अंतिम यादी चाचा’.

मला राग आला नाही असे मी म्हणणार नाही. पण रात्री विचार केला तेव्हा चूक माझी होती हे कळले. बी. एड. च्या वर्गात एक सूत्र मी पाठ केले होते. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’. म्हणजे विद्यार्थ्याला जे आधीच ठाऊक आहे तेथून सुरुवात करावी आणि मग नवीन गोष्टीकडे जावे. हे सूत्र परीक्षेत मी दहा गुणांसाठी लिहिले होते. प्रत्यक्ष शिकवताना मात्र विसरलो. मी चाचांना बटणे शिकवली. हा तक्ता म्हणजे काय, ते सांगितलेच नाही.

पुढच्या वेळी मी संगणक बंद ठेवला. कपाटातून शाळेचे जनरल रजिस्टर काढून टेबलावर ठेवले. हे रजिस्टर तुम्ही पाहिले असेल. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख आणि दाखल झाल्याची तारीख त्यात असते. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच देतात.

मी विचारले, “चाचा, शाळेत अशी जनरल रजिस्टरे किती?”

“चालू असते ते एकच. दोन कशी चालतील?”

“समजा, मी या पानाचा फोटो काढून घरी नेला आणि फोटोवर दुरुस्ती केली, तर?”

चाचा हसले. म्हणाले, “फोटोवर केलेली दुरुस्ती रजिस्टरात कशी येणार, सर?”

आणि एकदम ते गप्प झाले. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “म्हणजे ही शीट रजिस्टर आहे. आणि मी तुम्हांला फोटो पाठवला.”

मुलांनो, त्या दिवशीचा धडा येथेच संपला. बटणे त्यानंतर दोन दिवसांत आली. आपण रोज करतो त्याच कामाचे हे नवे रूप आहे, हे कळले की बटणांची भीती उरत नाही.

भीती मात्र एकदा पुन्हा आली. चाचांना नावे वर्णानुक्रमे लावायची होती. त्यांनी फक्त नावांचा रकाना निवडला आणि तेवढाच क्रमाने लावला. नावे खालीवर झाली. पण शेजारचे फोन नंबर आणि वर्ग होते तेथेच राहिले. एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा नंबर! चाचांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माऊसवरून हात काढून घेतला. “सर, मी याला पुन्हा हात लावणार नाही,” ते म्हणाले.

मी माऊस हातात घेतला नाही. मी विचारले, “चाचा, जनरल रजिस्टरात चूक झाली तर तुम्ही खाडाखोड करता का?”

“कधीच नाही. चुकीवर एक रेघ मारायची. वर बरोबर लिहायचे. मुख्याध्यापकांची सही घ्यायची. जुने अक्षरही वाचता आले पाहिजे.”

“मग येथेही तसेच आहे. जुने अक्षर पुसले जात नाही.”

मी त्यांना कंट्रोल आणि झेड ही दोन बटणे एकदम दाबायला सांगितली. नावे पुन्हा आपल्या जागी आली. नंतर तक्त्याचा जुना इतिहास कोठे पाहायचा तेही दाखवले. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी काय बदलले, ते तेथे दिसते. हवे तर आदल्या दिवशीचा तक्ता जसाच्या तसा परत आणता येतो. चाचांनी ती यादी खालपर्यंत पाहिली. म्हणाले, “हे तर माझ्यापेक्षा कडक लिपिक निघाले.” आणि त्यांनी माऊस पुन्हा हातात घेतला.

आता मी काय शिकलो, ते सांगतो.

तक्त्यात मी पहिला रकाना नावाचा ठेवला होता. चाचा म्हणाले, “सर, हे चालणार नाही. आपल्या शाळेत एकाच नावाच्या चार-चार मुली आहेत. शिवाय एकच नाव उर्दूत एक प्रकारे, मराठीत दुसऱ्या प्रकारे आणि इंग्रजीत तिसऱ्या प्रकारे लिहितात. पहिला रकाना जनरल रजिस्टरच्या क्रमांकाचा ठेवा. तो क्रमांक एकाच मुलाचा असतो.” खरेच होते. मोठमोठ्या संगणक प्रणालींतही प्रत्येक नोंदीला असाच एक वेगळा क्रमांक देतात. चाचांना हे कोणत्या पुस्तकातून कळले नव्हते. पंचवीस वर्षांच्या कामातून कळले होते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. एके दिवशी त्यांनी विचारले, “ही शीट कोणाच्या खात्यात आहे?” मी म्हणालो, “माझ्या.” ते म्हणाले, “रजिस्टर शाळेचे असते, माणसाचे नसते. उद्या तुमची बदली झाली तर?” त्याच दिवशी आम्ही शाळेच्या नावाचे खाते उघडले आणि तक्ता त्यात नेला. परवानग्याही नव्याने ठरवल्या. वर्गशिक्षकांना बदल करण्याची परवानगी दिली. इतरांना फक्त पाहण्याची. काही सांगायचे असेल त्यांनी बाजूला शेरा लिहायचा. ज्याच्याकडे लिंक असेल त्याला उघडता येईल, अशी व्यवस्था आम्ही बंद केली. मुलांचे पत्ते आणि फोन नंबर ही पालकांची अमानत आहे. अमानत हा शब्दही तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहेच. ती चव्हाट्यावर ठेवायची नसते.

अनेकांनी मिळून एका कागदावर काम करावे, ही कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात डग्लस एंगलबर्ट या संशोधकाने भरलेल्या सभागृहात सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक दाखवले. माऊस लोकांनी जाहीरपणे पाहिला तो त्या दिवशी. त्याच प्रात्यक्षिकात एंगलबर्ट यांनी मेन्लो पार्क येथे बसलेल्या आपल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवले. दोघांमधील अंतर सुमारे ४८ किलोमीटर होते. आणखी एक गोष्ट ऐका. संगणक काय करू शकतो हे सांगताना त्यांनी उदाहरण कशाचे घेतले? बाजारातून आणायच्या वस्तूंच्या यादीचे! यादीत केळी, गाजरे असे जिन्नस होते. ऐकणारे संगणकाचे जाणकार होते. तरीही त्यांनी सुरुवात घरच्या गोष्टीपासूनच केली. ज्ञाताकडून अज्ञाताकडे.

ही कल्पना सामान्य कार्यालयापर्यंत पोचायला बरीच वर्षे लागली. १९८९ साली लोटस नोट्स हा कार्यक्रम आला. मोठ्या कंपन्यांतील कर्मचारी त्याच्या साहाय्याने माहिती सामायिक ठेवू लागले. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी ‘विकी’ सुरू केले. त्यात वाचणाराच पान दुरुस्त करू शकतो. विकी हा हवाई बेटांच्या भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ ‘झटपट’. २००६ साली गूगलने सामायिक तक्ता आणला. २०१७ साली मायक्रोसॉफ्टचे टीम्स आले. त्यात सहकारी एकमेकांशी बोलतात आणि एकाच मसुद्यावर कामही करतात. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांतही ई-ऑफिस ही प्रणाली वापरतात. तीत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर संगणकातूनच जाते आणि कोणी कधी काय लिहिले याची नोंद राहते.

आपल्या भाषांनाही यासाठी एक वाट पार करावी लागली. पूर्वी मराठी मजकूर एका विशिष्ट फाँटात टंकलिखित केला, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे दिसत. १९९४ पासून इनपेजवर सुंदर उर्दू छपाई होऊ लागली. पण त्या काळची इनपेजची फाइल ज्याच्याकडे इनपेज नाही त्याला वाचता येत नसे. १९९१ पासून युनिकोड ही पद्धत पुढे आली. तीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक असतो. म्हणूनच आज एकाच तक्त्यात एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात उजवीकडून डावीकडे लिहिलेली उर्दू सुखाने नांदते. अक्षरांनाही जनरल रजिस्टरचा क्रमांक मिळाला म्हणा ना!

चाचा २०२३ साली निवृत्त झाले. त्यांच्या जागी एक तरुण लिपिक आला. संगणक त्याला उत्तम येत होता. निरोपाच्या दिवशी चाचांनी त्याला सामायिक तक्ता सोपवला. पण आधी त्याच्यासमोर जनरल रजिस्टर ठेवले. म्हणाले, “पहिल्यांदा हे वाच. मग ते उघड.” मी दारात उभा राहून ऐकत होतो. माझाच धडा चाचा माझ्यापेक्षा चांगला शिकवत होते.

मुलांनो, मोबाइल आणि संगणक तुम्हांला लवकर येतात. तुमचे अब्बा, अम्मी, मामू किंवा शेजारचे काका तुम्हांला कधी ना कधी विचारतील, “बेटा, हे कसे करायचे?” तेव्हा घाई करू नका. त्यांच्या हातातून मोबाइल ओढून घेऊ नका. ‘इतके सोपे तुम्हांला येत नाही?’ असे कधी म्हणू नका. आधी विचारा, की हे काम तुम्ही आजवर वहीत कसे करत होता? उत्तर मन लावून ऐका. मग त्यांच्याच कामाचे उदाहरण घ्या. खानावळीचा हिशेब असेल तर हिशेबच घ्या. बचत गटाची यादी असेल तर तीच घ्या. बटण त्यांनाच दाबू द्या. चूक झाली तर ती परत कशी फिरवायची, हे पहिल्याच दिवशी दाखवा. चूक दुरुस्त होते हे कळल्यावर माणूस धीराने शिकतो.

आणि कान उघडे ठेवा. ज्याला माऊस धरता येत नाही, त्याला त्या कामातील अशी एखादी गोष्ट ठाऊक असेल, जी तुमच्या संगणकाला ठाऊक नाही.

ती मुलगी आता दहावी उत्तीर्ण झाली आहे. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला ती आईबरोबर आली होती. नवीन लिपिकाने तक्ता उघडला, क्रमांक लिहिला आणि एका क्षणात नाव समोर आले. मग त्याने कपाटातून जनरल रजिस्टर काढले आणि दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या. नाव दोन्हीकडे होते. बरोबर होते.

शब्दार्थ

लिपिक – कार्यालयात लिहिण्याचे व नोंदी ठेवण्याचे काम करणारा
टाळेबंदी – सर्व व्यवहार बंद ठेवण्याचा आदेश
नक्कल – मूळ कागदावरून केलेली प्रत
अस्सल – मूळ, खरा
मसुदा – पक्का करण्यापूर्वीचा लेख
सामायिक – सर्वांचा मिळून एक
रकाना – तक्त्यातील उभा भाग
प्रात्यक्षिक – प्रत्यक्ष करून दाखवणे
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात की नाही हे तपासणे
चव्हाट्यावर ठेवणे – सर्वांसमोर उघड करणे
चेहरा पांढरा पडणे – खूप घाबरणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मराठीत ‘दप्तर’ हा शब्द कोणत्या भाषेतून आला?
(२) मुलीच्या आईला पहिल्या दिवशी धान्य का मिळाले नाही?
(३) चाचांनी तक्त्यात पहिला रकाना कशाचा ठेवायला सांगितला?
(४) एंगलबर्ट यांनी प्रात्यक्षिकात कोणत्या यादीचे उदाहरण घेतले?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) पहिल्यांदा शिकवताना लेखकाचे काय चुकले?
(२) जनरल रजिस्टर आणि सामायिक तक्ता यांत कोणते साम्य आहे?
(३) लेखक चाचांकडून कोणत्या दोन गोष्टी शिकला?

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(१) “हे कसे झाले?”
(२) “पहिल्यांदा हे वाच. मग ते उघड.”

प्र. ४. खालील शब्दांचे उर्दूतील उच्चार व अर्थ सांगा. मराठीत अर्थ बदलला आहे का, ते पाहा.
दप्तर, हजेरी, मसुदा, नक्कल, अमानत

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
ताडून पाहणे, चव्हाट्यावर ठेवणे, चेहरा पांढरा पडणे

उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाला मोबाइलवरील एक काम शिकवा. ते काम ती व्यक्ती पूर्वी कसे करत असे, ते आधी विचारून घ्या. तुम्ही काय शिकवले आणि तुम्ही काय शिकलात, ते दहा ओळींत लिहा.